निळ्या फितीचा खराटा

हौकिवारा,
२४ जुलै १९८३

चि. सौ. सायमीस,

तोइनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आणि गोथेनबर्गहून पाठवलेली कॉफी पोचली. कॉफी बरी आहे. पत्र जरा लांब होतं. तुम्ही लोक स्वीडनमध्ये राहून बोलघेवडे झालात असं इथे म्हणतात, ते काही अगदीच खोटं नाही.

इकडे सर्व ठीक. म्हणजे सून घरात आल्यापासून जितकं ठीक राहू शकतं तितकं. एस्कोने तिला उन्हाळाभर माझ्याकडे ठेवलं आणि स्वतः जहाजावर निघून गेला, ऑक्टोबरात उगवेल. देस्पिना मुलगी वाईट नाही. ग्रीसच्या पिरेउस बंदरातली असूनही तीन वर्षांत आपली भाषा शिकली. फक्त शिकलेली सगळीच्या सगळी ती रोज वापरते.

परवा आम्ही तालुक्याला गेलो. अख्खी बस रिकामी, पुढच्या बाकावर लाकूड गिरणीतला एकच गृहस्थ. ही बया त्याच्या शेजारी जाऊन बसली! बसली ती बसली, वर कुठे निघालात म्हणून विचारलं. तो बिचारा दोन थांबे आधीच उतरला आणि भर पावसात चार किलोमीटर चालत गेला. दुकानात गल्ल्यावरच्या इम्पीला हिने कशा आहात म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. इम्पीला अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने पित्ताशयातल्या खड्यांपासून सगळं सांगितलं. मागे रांगेत सहा जण होते. आता गावात कुणाला इम्पीच्या तोंडाकडे बघायची सोय राहिली नाही. रविवारी पाद्रीबाबांकडे कॉफीला ताटलीत वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा उरला होता, जसा उरायला हवा तसा. मंगळवारपर्यंत तो सुखाने तिथे राहिला असता. हिने तो उचलला आणि खाल्ला. शांतता आधीही होतीच, पण नंतरची वेगळी होती.

दुसरं म्हणजे माझी सत्तरी. इम्पीने साठीला 'प्रवासात आहे' अशी पेपरात नोटीस दिली आणि दिवसभर पडदे ओढून घरात बसली. मला तसली सोंगं जमत नाहीत. मी नोटीस दिली आहे: रविवार १४ ऑगस्ट, दुपारी बारापासून दार सर्वांना उघडं. सर्वांना म्हणजे सर्वांना. तळ्यापलीकडचेही त्यात आले. आर्नेला तू काही लिहू नकोस. येईल तर येईल, नाही तर त्याची मर्जी, माझं काही अडलेलं नाही. मुइक्कु मासळीचा पाव करणार आहे. तो कुणासाठी म्हणून नाही, मासळी आहे म्हणून.

पुढच्या वेळी कॉफी थोडी जास्त भाजलेली पाठव. आहे ती माया तशीच असू दे.

तुझी
तोइनीताई


हौकिवारा,
३० जुलै

ती. सायमीमावशींस,

देस्पिनाचा शिरसाष्टांग नमस्कार. या घराण्यात बोलणाऱ्या तुम्ही एकट्या, म्हणून तुम्हालाच लिहिते. नाही लिहिलं तर मी फुटेन.

मावशी, मी इथे कुणाला काही त्रास दिलाय का? मी दुकानात शिरले की लोकांना एकदम डब्यांवरची अक्षरं वाचायची असतात. बसथांब्यावर चार माणसं इतक्या अंतरावर उभी असतात की मला वाटलं चौघांचे चार वेगळे थांबे आहेत. मी दिवसभर खपून वांग्याचा थर लावलेला पदार्थ केला, वांगी तालुक्याहून आणून! सासूबाई जेवल्या, ताटली धुतली आणि म्हणाल्या की याहून वाईट मी खाल्लंय. मी खोलीत जाऊन रडले. एस्कोला फोन केला तर तो जहाजावरून आनंदाने ओरडला, की आईने आजवर कुणाला इतकं चांगलं म्हटलेलं नाही!

शनिवारचं तर काय सांगू. सासूबाई म्हणाल्या, चल सौना घेऊ, म्हणजे त्या तापलेल्या लाकडी खोलीत वाफ घेत बसायचं. मी टॉवेल गुंडाळून गेले, तर त्यांनी तो काढायला लावला, सासू-सुनेत कसली लाज म्हणे. आमच्याकडे सासूने सुनेला असं भट्टीत बसवलं असतं तर माझे मामा बोटीने आले असते. पण खरं सांगते, तिथेच त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. त्यांच्या आईबद्दल, तुमच्या लहानपणाबद्दल. बाहेर येऊन कपडे घातले आणि पुन्हा तोंडाला कुलूप.

एक गोष्ट मात्र मला बघवत नाही. रोज संध्याकाळी सासूबाई आपल्या धक्क्यावर बसतात आणि समोर तळ्यापलीकडे त्यांचे सख्खे भाऊ, आर्नेमामा, त्यांच्या धक्क्यावर बसतात. दोघं पाणी बघतात. एक उठला की दुसराही उठतो. मी विचारलं तर म्हणाल्या, हवा बघतेय. मी एकदा त्यांना हात केला, तर मामांचा हात अर्धा वर आला आणि तसाच राहिला. सासूबाईंनी ते पाहिलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

माझे दोन मामा दुपारी भांडले की पोलीस येतात आणि संध्याकाळी ते दोघं एकाच ताटात मासे खातात. हे कसलं भांडण आहे, ज्यात आवाजच नाही? वाढदिवसाला मी काय करू तेवढं सांगा. गाणं नको, नाच नको, मिठ्या नकोत असं आधीच बजावून झालंय. मग करायचं तरी काय?

तुमच्या लोभाची भुकेली,
देस्पिना


गोथेनबर्ग,
५ ऑगस्ट

चि. सौ. देस्पिना हिस,

सायमीमावशीचे सप्रेम आशीर्वाद. पोरी, तुझं पत्र वाचून मी कॅन्टीनमध्ये एकटीच इतकी हसले की स्वीडिश पोरींनी पाणी आणून दिलं.

भांडणाचं ऐक. आमच्या वडिलांनी बांधलेला सौना दोन्ही घरांत मिळून एक होता. १९६४ साली एका शनिवारी तो जळाला. तापवायची पाळी आर्नेदादाची होती. सगळे राखेशी उभे होते आणि ताई एवढंच म्हणाली, की इतकी लाकडं कोण घालतं. बस्स. दादा घरी निघून गेला. एकोणीस वर्षं झाली. तो म्हणतो, बोलली ती, तिने यावं. ती म्हणते, धाकटा तो, त्याने यावं. मधे तळं, आणि तेही काही फार रुंद नाही.

ताईने मला लिहू नकोस म्हणून बजावलं, म्हणजे लिही असं सांगितलं. मी लिहिलं. दादाचं उत्तर आलं: बघू. तू नाचू नकोस, पण हे लक्षात घे की या माणसाने लग्नालाही होकार देताना बघू असंच म्हटलं होतं. तो येणार! ताईला मात्र सांगू नकोस. तिला कळलं तर ती घाबरून 'प्रवासात' जाईल. ती वरून दगड आहे, पण सत्तर म्हणजे सत्तर. ऐंशी कुणी पाहिली आहे? तो त्या उंबऱ्याच्या आत आला की झालं, बाकी मला काही नको.

तू एवढंच कर. ताई दिवाणखान्यात बसेल, तू स्वयंपाकघर सांभाळ. मागच्या दाराने ये-जा कर, पुढच्या दारात उभी राहून माणसं आत ओढू नकोस, ती पळतील. आणि अंगण, पायऱ्या, पुढची ओसरी लख्ख झाडून ठेव. आमच्याकडे पाहुणा आधी पायरी बघतो आणि मग माणूस.

कळव काय काय झालं ते. जीव तिकडे लागला आहे.

तुझी
सायमीमावशी


हौकिवारा,
१६ ऑगस्ट

चि. सौ. सायमीस,

आशीर्वाद. वि. वि. वाढदिवस झाला. हवा चांगली होती. कुणी आलं नाही.

तू विचारशील म्हणून सविस्तर लिहिते, पुन्हा विचारू नकोस. साठ जणांची कॉफी, सात प्रकारची बिस्किटं, दोन केक, मासळीचा पाव. मी काळा पोशाख घालून, आईचा ब्रोच लावून साडेअकरालाच खुर्चीत बसले. पडदे मीच ओढून घेतले होते, खिडकीतून वाट बघतेय असं कुणाला दिसायला नको. बारा वाजून पाच मिनिटांनी मोटार आली. अंगणात थांबली. दार उघडल्याचा, पावलांचा आवाज आला. मग पावलं परत गेली आणि मोटार वळून निघून गेली. मग दुसरी. मग सायकली. मग पाद्रीबाबांची गाडी, तिचा आवाज मी ओळखते, तिला सायलेन्सर नाही. मी अठरा गाड्या मोजल्या. सगळ्या आल्या आणि सगळ्या गेल्या. चर्चची गायकमंडळी बसने आली होती. कुणीतरी सूर लावला, कुणीतरी त्याला गप्प केलं, आणि बसही गेली.

बाहेर जाऊन विचारायचं? काय म्हणून? आत यायची इच्छा नसलेल्या माणसाला हाताला धरून का आणायचं? लोकांनी पायरीपर्यंत येऊन पाठ फिरवली, त्यांना काय सांगायचं होतं ते मला कळलं. परकी सून आणल्याचा राग असेल, नाहीतर सत्तर वर्षांत मीच कधी कुणाशी धड बोलले नसेन. काल दुकानात गेले. इम्पीने चीज तोललं, मी पैसे दिले. ती काही बोलली नाही, मीही नाही.

आर्ने आला नाही.

केक देस्पिना खातेय आणि रडतेय. पुढच्या वर्षापासून मी प्रवासात.

तोइनी


हौकिवारा,
१६ ऑगस्ट

ती. सायमीमावशींस,

नमस्कार नीट लिहिण्याइतकं डोकं ठिकाणावर नाही, माफ करा. हे गाव आहे की काय आहे? एक माणूस आला नाही, एक! मी स्वयंपाकघरात होते, तिथली खिडकी रानाकडे, त्यामुळे मला काही दिसलं नाही. चारदा कॉफी उकळली, चारदा ओतली. बाहेर जाऊन बघू का म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा बघून माझी पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

आणि मी काय काय केलं होतं, मावशी! तुम्ही सांगितलंत तसं पहाटे उठून अंगण झाडलं, पायऱ्या घासल्या. बर्चच्या काटक्यांचा खराटा सासूबाईंनी शिकवला तसा मी स्वतः बांधला होता. इतका सुंदर झाला होता की ठेवून द्यायला जीव होईना. मग त्याला निळी रेशमी फीत बांधली आणि पुढच्या दाराला अगदी मधोमध टेकवून उभा केला. येणाऱ्याला लांबूनच दिसावं, या घरची सून किती टापटिपीची आहे! तेही कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी पाऊस आला म्हणून मी तो आत आणला. फीत भिजली असती.

सासूबाई रात्री एकट्या मासळीच्या पावासमोर बसल्या होत्या. कापला नाही. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मारू दिली. याचीच मला जास्त भीती वाटते.

तुमची
देस्पिना


सालमेनपेया,
१५ ऑगस्ट

सायमी,

गेलो होतो. सूट घालून. दाराला खराटा. त्याला निळी फीत. म्हणजे मुद्दाम. जरा वेळ पायरीवर बसलो. आलो.

पुन्हा सांगू नकोस.

आर्ने


गोथेनबर्ग,
२२ ऑगस्ट

ती. ताईस,

सायमीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. ताई, आधी खुर्चीत बस. तुझं, देस्पिनाचं आणि दादाचं, तिन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. मी आधी हसले, मग रडले, आणि आता तुम्हा सगळ्यांचा संताप आला आहे.

कुणी तुझ्याकडे पाठ फिरवली नाही. अठरा गाड्यांतल्या माणसांनी तुझ्या दाराला टेकवलेला खराटा पाहिला! आपण कुलपं लावत नाही. खराटा दाराला टेकवला म्हणजे घरात कुणी नाही, आणि असलंच तर त्याला कुणी यायला नको आहे, हे आपल्याला चालायला लागल्यापासून ठाऊक. पिरेउसच्या पोरीला कसं ठाऊक असणार? तिला वाटलं, केर काढल्याची शोभा. त्यात मीच तिला ओसरी झाडायला सांगितली होती, तेव्हा तिला एक शब्द बोलशील तर माझी शपथ आहे. बोल मला.

पण ताई, आपली माणसं तरी काय! साठ माणसं. आठवडाभर आधी पेपरात दार उघडं म्हणून छापलंय. त्यातल्या एकालाही वाटलं नाही की कडी वाजवावी? हाक मारावी? पाद्रीबाबा आत्म्यांची दारं ठोठावतात म्हणे, त्यांना एक लाकडी दार ठोठावता आलं नाही. आणि आता सगळं गाव तुझ्यावर रागावून बसलं असणार, की छापून बोलावलं आणि फीत बांधून हाकललं. तू गावावर रागावलीस. कुणी कुणाला काही बोलणार नाही, आणि दोन पिढ्या हे असंच चालेल.

गावाचं जाऊ दे. दादा आला होता. ऐकलंस का? एकोणीस वर्षांनी, सूट घालून, वल्ही मारत. तुझ्या पायरीवर बसला होता. तो मला लिहून चुकला की पुन्हा सांगू नकोस, म्हणून मी आता त्याला लिहिणार नाही. हे तुलाच त्याला सांगावं लागेल. पत्राने नाही, तोंडाने. धाकटा कोण नि थोरला कोण हा हिशेब मला नको. तो त्याच्या बाजूने आला, आता राहिलेली बाजू तुझी आहे.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी
सायमी


हौकिवारा,
४ सप्टेंबर

चि. सौ. सायमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी देस्पिनाला वाचून दाखवलं. ती अर्धा तास किंचाळली, मग मुलखातल्या सगळ्या संतांना हाका मारल्या, आणि मी अडवायच्या आत सायकल घेऊन इम्पीच्या दुकानात गेली. तिथे तिने म्हणे खराटा कसा बांधला इथपासून सगळं हातवारे करून सांगितलं. त्यानंतर आठवडाभर लोक एकेक करून येताहेत. वाढदिवसाचं कुणी नाव काढत नाही. इथून चाललो होतो म्हणतात, आणि हातात ताजा केक असतो. माझं घर गावाच्या टोकाला आहे, इथून पुढे रस्ताच नाही. पाद्रीबाबा तर दाराशी येऊन इतक्या जोरात ठोठावत होते की मी म्हटलं पाडतात आता. गायकमंडळींनी चार गाणी म्हटली. देस्पिनाने सगळ्यांना मिठ्या मारल्या. दोघंतिघं म्हणे पुन्हा रांगेत उभे राहिले, पण ते मी पाहिलेलं नाही.

आता आर्नेचं. देस्पिना त्यालाही सांगायला निघाली होती, मी तिचा हात धरला. बुधवारी मीच नाव काढली. तळं रुंद नाही असं तू लिहितेस, एकदा सत्तराव्या वर्षी वल्हवून बघ.

तो लाकडं फोडत होता. मला पाहिलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. मी म्हटलं, खराटा सुनेने ठेवला होता, तिला माहीत नव्हतं. तो म्हणाला, असं होय. मग आत गेला. दार उघडंच ठेवलं, म्हणून मीही गेले. त्याने कॉफी ठेवली. डोक्याला टक्कल पडलंय आणि पाठीत वाकलाय. मला हे लांबून कधी दिसलं नव्हतं.

मी निघाले असते तर सगळं तिथेच सुखाने मिटलं असतं. दोष खराट्याचा, चूक परक्या मुलीची, आपण दोघं मोकळे. तूही तेच लिहिलं होतंस, आणि मला ते फार बरं वाटलं होतं. पण दुसरा कप ओतताना तो खोकला आणि माझ्याच्याने राहवेना.

सायमी, मी तुला लिहिलं की आर्ने आला नाही. ते खोटं होतं. त्या दिवशी तीन वाजता गाडीचा नाही, होडी लागल्याचा आवाज आला. मग ओसरीची पायरी वाजली, कुणीतरी बसलं. आणि मग खोकला आला. डांग्या खोकल्याच्या साथीच्या वर्षापासूनचा तो खोकला, आधी दोन बारीक आणि मग एक मोठा. त्या आजारात मीच त्याला सांभाळलंय, शंभर माणसांत ओळखेन. मला खराट्याचं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की माझा भाऊ दाराबाहेर बसला आहे. खुर्चीपासून दार सहा पावलं. मी मोजली. आणि बसून राहिले. म्हटलं, इतका आलाय तर कडी वाजवू दे. त्याने वाजवायला हवी. धाकटा आहे. पाऊण तास मी आत, तो बाहेर, मधे दोन बोटं जाडीची फळी. मग पायरी पुन्हा वाजली आणि तो गेला. त्यानंतर मी उठले.

हे सगळं मी त्याला सांगितलं. एका दमात. इतकं मी कुणाशीच कधी बोललेली नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, की त्यालाही आत मी बशीतून कॉफी पितेय हे ऐकू येत होतं. मी आत आहे हे त्याला पहिल्यापासून कळलं होतं. त्याने दोनदा हात वर नेला होता. म्हणाला, तुझी वाट बघत होतो, थोरली तू.

घरी येऊन देस्पिनाला सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, की मग तुम्ही दार का नाही उघडलंत. सहज विचारलं, टोमणा नव्हता. ती पोर आपल्याला वेडी वाटते.

आज आर्ने आलाय. सकाळपासून माझ्यासमोर बसून आहे, तू समजतेस तसं काही बोलणं चाललेलं नाही. तुला पत्र लिहितेय म्हणून सांगितलं तर हं म्हणाला. तुला आशीर्वाद लिही असं त्याने सांगितलेलं नाही, ते मी आपल्या मनाने लिहिते. तीनदा म्हणाला की निघतो. पाचाला म्हणाला, साडेपाचला म्हणाला, आता सात वाजून गेलेत. अजून उठलेला नाही. आणि मीही त्याला या वेळी गप्प बसून जाऊ देणार नाही, बस म्हणून सांगणार आहे. तोंडाने.

एका पोटी जन्मलेल्या तिघांत तूच एक शहाणी निघालीस, तेव्हा आम्हा दोघांवर माया ठेव.

तुझी
तोइनीताई